युवराजांची चाल

वरातीत बँड पुढे असतो आणि नवरदेव मागे. आमचे कायतान मास्तर मात्र उलटे चालायचे, नवरदेवाकडे तोंड करून, पाठीमागे खड्डा आहे की गाय आहे याची फिकीर न करता. "नवऱ्याचं तोंड सासरचे बघतील, आपण पाय बघायचे," असं ते आम्हाला सांगत. त्यामुळे इतकी वर्षं लग्नांत कॉर्नेट वाजवूनही, रस्त्यात एखादा गृहस्थ 'माझ्या लग्नात तुम्हीच होता' म्हणाला की मला त्याचा चेहरा आठवत नाही. मी हळूच त्याच्या चपलांकडे बघतो.

अंबरनाथमध्ये लोक मला कारखान्यातला माणूस म्हणून ओळखतात. पेन्शन कारखान्याचीच मिळते, त्यामुळे ते नाकारता येत नाही. बँड संध्याकाळचा आणि सुटीच्या दिवसांचा. पण कारखान्याबद्दल लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. मी मशिनसमोर उभा राहिलो, मशिन माझ्यासमोर उभं राहिलं, आणि दोघंही वेळेवर निवृत्त झालो. बँडमध्ये मात्र एक प्रकरण घडलं. एका राजपुत्राच्या लग्नासाठी लिहिलेला मार्च राजपुत्राच्या आधी बाकी सगळ्यांच्या लग्नात वाजला. तो कसा, ते सांगतो.

आमचं संस्थान लहान होतं. इतकं लहान, की रेल्वे आमच्या हद्दीत शिरली की पान लावून तोंडात टाकेपर्यंत बाहेर पडायची. पण बँड मोठा होता. सरकारांना, म्हणजे आमच्या महाराजांना, विलायतेत कुठेतरी ऑर्केस्ट्रा ऐकून त्याचं वेड लागलं होतं. त्यामुळे पितळी वाद्यांच्या जोडीला व्हायोलिनं होती, बासऱ्या होत्या, उभं राहून वाजवायचं एक कपाटाएवढं व्हायोलिनही होतं. शाळेला छप्पर नव्हतं, पण ते कपाट होतं. माझे वडील पागेत नोकर होते. घोड्यांनी मला पसंत केलं नाही म्हणून मला बँडमध्ये घातलं. तिथे माझ्या हाती कॉर्नेट आलं. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटची बुटकी बहीण. आवाज तसाच, पण जरा मायेचा.

कायतान मास्तर गोव्याचे. बुटके, गोरे, मिशांना मेण लावणारे. चर्चमध्ये संगीत शिकले होते आणि मराठी आमच्या दरबारात, त्यामुळे रागावले तरी 'आपण' म्हणून रागवायचे.

युवराजांचं लग्न ठरलं. मुलगी आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या संस्थानातली. सगळा गाव खूश होता. एकट्या आईसाहेब, म्हणजे युवराजांच्या मातोश्री, काळजीत होत्या. कारण युवराजांचा डावा पाय. लहानपणी घोड्यावरून पडले होते, हाड नीट जुळलं नाही, पाय आखूड राहिला. युवराज लंगडत. हे वाक्य मी आज सहज लिहिलं, पण त्या काळी संस्थानात ते कोणी उच्चारलं नसतं. युवराजांचे सगळे फोटो बसलेले. शिपायांच्या कवायतीत युवराज समोर आले की हवालदार 'लेफ्ट' जरा हळू म्हणतो, असं लोक सांगायचे. मी ते ऐकलेलं नाही.

आमच्या राजघराण्याची रीत अशी, की नवरदेवानं देवीच्या देवळापासून मांडवापर्यंत पायघड्यांवरून चालत जायचं. घोडा नाही, पालखी नाही. आणि दोन्ही बाजूंच्या सज्जांत मुलीकडची मंडळी बसणार.

आईसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. वाद्य धरायला म्हणून मी बरोबर होतो. चिकाच्या पडद्याआडून आईसाहेब म्हणाल्या, "मास्तर, युवराजांची चाल जरा वेगळी आहे."

"होय आईसाहेब," मास्तर म्हणाले. "राजेशाही आहे."

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, "ती तशी दिसली पाहिजे. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

मास्तरांनी छातीवर क्रूस काढला. मी काय काढावं ते न सुचून नमस्कार केला.

मार्च म्हणजे चालायचं संगीत. त्यात गंमत काही नसते: डावा, उजवा, डावा, उजवा, आणि प्रत्येक पावलाला ढोल. अशा मार्चवर लंगडणारा माणूस चालला की प्रत्येक ठोका त्याची चहाडी करतो. मास्तर कित्येक दिवस युवराजांच्या मागून बागेत फिरले. युवराजांना वाटलं, मास्तरांना फुलांची आवड लागली. मास्तर हातातली काठी मांडीवर हळूच आपटत पावलं मोजत होते. मग त्यांनी असा मार्च लिहिला की चांगल्या, उजव्या पायाला ढोल; आणि डाव्या पायाला ढोल गप्प, अगदी पावभर जास्त गप्प. त्या गप्प जागेत सगळी व्हायोलिनं एकदम वर चढायची. पाय खाली जातो त्या क्षणी ऐकणाऱ्याचं मन वर जातं. पायाकडे बघायला कोणी उरतच नाही.

शिवाय त्यांनी फर्मान काढून घेतलं, की मिरवणुकीत सगळ्यांनी त्याच चालीवर चालायचं, म्हणजे एक पाय टाकला की दुसरा टाकण्याआधी जरा थांबून, झुकून. आमच्या मराठीत चाल म्हणजे गाण्याचीही आणि पायाचीही. मास्तरांनी दोन्ही एक करून टाकल्या.

तालीम एकदाच झाली, सकाळी, राजवाड्याच्या चौकात. सरदार मंडळी रांगेनं झुकत झुकत चालत होती. ज्यांना संधिवात होता त्यांना काही शिकवावं लागलं नाही. मधोमध युवराज. आम्ही वाजवत होतो, मास्तर उलटे चालत होते, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर खरोखर कोणी लंगडत नव्हतं. सगळे राजे दिसत होते. युवराजांची मान वर होती. तशी मी त्यांची मान आधी कधी पाहिली नव्हती.

मग संस्थानं विलीन झाली. ते देशाच्या भल्यासाठीच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मुहूर्त आमच्या मुहूर्ताच्या आधी पडला. मुलीकडून निरोप आला, की परिस्थिती निवळेपर्यंत थांबू. परिस्थिती लवकरच निवळली, पण निरोप पुन्हा आला नाही. आम्हा बँडवाल्यांना नारळ मिळाला. खराखुरा नारळ, सोबत एक उपरणं. व्हायोलिनवाले मुंबईला सिनेमाच्या स्टुडिओत गेले. कपाटाचं काय झालं मला माहीत नाही. माझी बहीण अंबरनाथला दिलेली होती. मेहुण्यांनी मला कारखान्यात चिकटवलं. मास्तरांना गोव्यात कोणी उरलं नव्हतं, म्हणून तेही माझ्याबरोबर आले आणि अंबरनाथ पश्चिमेला एका चाळीत भाड्यानं राहिले. ट्रंकेत कपडे थोडे आणि मार्चचे कागद जास्त.

त्या वेळी उल्हासनगरला सगळे कॅम्पच म्हणत. लढाईतल्या मिलिटरीच्या बराकी, आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. हवेल्या सोडून आलेली माणसं गोणपाटाच्या आडोशाला राहत होती आणि सकाळी उठून काहीतरी विकत होती. गोळ्या, पापड, कंगवे, जे हाती लागेल ते. आणि लग्नं करत होती. माझा अनुभव असा आहे, की माणसाचं सगळं जातं तेव्हा तो दोन गोष्टी आधी सुरू करतो, दुकान आणि लग्न.

आम्ही मोडका-तोडका बँड जमवला. कारखान्यातले दोघे-तिघे, मिलिटरीतून सुटलेला एक ढोलवाला, आणि क्लॅरिनेट वाजवणारा एक न्हावी. पहिली सुपारी आली टेकचंद सेठकडून. सुपारी म्हणजे आमच्या धंद्यात लग्नाचं बोलावणं. टेकचंद सेठ उंच, पांढऱ्या मिशांचे, सिंधमध्ये धान्याचे मोठे व्यापारी, इथे बराकीच्या दारात बसून साबण विकत. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. मुलीकडचे तिकडे त्यांच्याहून श्रीमंत होते. इथे दोघांची बराक सारखीच, पण तिकडची श्रीमंती डोळ्यांतून जात नाही.

"मास्टरजी, घोड़ा नहीं है," सेठ म्हणाले. "लड़का पैदल जाएगा। लेकिन साईं, ऐसा बजाओ कि लोग बोलें, इनको घोड़े की ज़रूरत नहीं थी।"

मास्तर घरी येऊन ट्रंक उघडून बसले. मी म्हणालो, "मास्तर, ती मधली थांबायची जागा काढून टाकू. इथे कोणाचा पाय आखूड आहे? साधा मार्च करू."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चच्या भिंतीवर पोस्टर लावायला सांगितलं. "शंकर, ती जागा म्हणजेच मार्च आहे. बाकी सगळा फक्त आवाज आहे."

व्हायोलिनं नव्हतीच. ती वर चढणारी ओळ माझ्या कॉर्नेटवर आली.

लग्नाच्या दिवशी नवरा पहिल्याच वळणावर अडखळला. पाय टाकतोय तर ढोल नाही, ढोल वाजतोय तर पाय हवेत. पाहुणे हसायला लागले. टेकचंद सेठचा चेहरा उतरला. मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला, नवरदेवाजवळ गेले, आणि सगळ्यांसमोर चालून दाखवलं: एक पाऊल, मग जरा थांबून, झुकून, दुसरं. त्यांच्या हिंदीचं लग्न कोकणीशी झालेलं होतं, पण वाक्य सगळ्यांना कळलं. "राजा लोग ऐसा चलता है. घाई नोकर करतो."

मास्तर खोटं बोलत नव्हते. आम्ही ज्या एका राजपुत्राला ओळखत होतो तो असाच चालत होता.

मुलाला ते वाक्य लागू पडलं. त्यानं खांदे मागे घेतले आणि चालला. मागून त्याचा बाप चालला, काका चालले, मग मुलीकडचेही कोणी मागे राहिना. दोन बराकींमधल्या चिखलवाटेवरून सगळी वरात झुकत झुकत, थांबत थांबत गेली, आणि खरंच सांगतो, घोड्याची आठवण कोणाला झाली नाही. टेकचंद सेठच्या डोळ्यांत पाणी होतं.

झालं. त्यानंतर कॅम्पमध्ये राजाचालीशिवाय लग्न होईना. पुढे कॅम्पमध्ये पैसा आला, घोडे आले, तर नवरे घोड्यावरून उतरून शेवटचा रस्ता पायी जायला लागले. कोणी दुसरा बँड आणला तर म्हाताऱ्या विचारायच्या, राजाचाल येते का? टेकचंद सेठच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाची लग्नंही आम्हीच वाजवली. धडधाकट पायांची तरणी मुलं आयुष्यातल्या मोठ्या दिवशी मोठ्या अभिमानानं लंगडत होती, आणि त्याचं कारण माहीत असलेले आम्ही दोघं पुढे उभे राहून वाजवत होतो.

सगळ्यांनाच ती चाल मानवली असं नाही. अंबरनाथच्या एका साहेबांनी मुलीच्या लग्नात 'जरा लवकर आवरतं घ्या, मुहूर्त टळेल' म्हणून मास्तरांना घड्याळ दाखवलं. पालेगावच्या एका लग्नात तर वेगळंच झालं. तिथली शेतकरी मंडळी थांबणारी नव्हती. एक म्हातारा मला म्हणाला, "मधीच कशाला थांबता? दम लागतो का?" मग त्यांच्या पोरांनी स्वतःच तोड काढली. ढोल गप्प झाला की सगळे एकदम उडी मारायचे. मास्तरांना ते पसंत पडलं नाही, पण चालही मोडली नव्हती, म्हणून तक्रारही करता येईना. "उडी पण वरच जाते," असं म्हणून त्यांनी मनाचं समाधान केलं.

मास्तरांना एकच खंत होती. हा मार्च ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या लग्नात तो पुरा कधी वाजला नाही, व्हायोलिनांसकट. आणि एकच भीती होती, की ज्याच्यासाठी लिहिला त्यानं तो असा, कॅम्पच्या रस्त्यावर, कधी ऐकला तर काय.

ती वेळ आली अंबरनाथच्या रेल्वे फाटकाजवळ, भर दुपारी. फाटक बंद, आमची वरात अडकलेली. अडकलेली वरात वाजवत राहते, नाहीतर लोक पांगतात. नवरदेव जागच्या जागी राजाचाल करत होता. फाटकाशी एक जुनी मोटार उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्यांचे पिंजरे. ड्रायव्हरच्या जागेवरून एक गृहस्थ उतरले आणि आमच्याकडे यायला लागले. मास्तर नेहमीसारखे पाय बघत होते. त्यांचा हात हवेतच राहिला.

युवराज होते. केस विरळ झालेले, अंगात खादीचा सदरा. बदलापूरला नदीकाठी थोडी जमीन घेऊन कोंबड्या पाळल्या आहेत, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांनी नवरदेवाकडे बघितलं, त्याच्या बापाकडे, मागच्या पाहुण्यांकडे. सगळे झुकत होते, थांबत होते, झुकत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"मास्तर," युवराज म्हणाले, "ही चाल कुठली?"

मास्तरांनी आईसाहेबांना दिलेला शब्द आठवला असणार. "मिलिटरीची, सरकार. जुनी ब्रिटिश मिलिटरीची."

"ब्रिटिश मिलिटरी लंगडत होती?"

मास्तरांनी टोपी काढली. युवराज जवळ आले आणि हळू आवाजात बोलले, पण मी बाजूलाच होतो. "मला तालमीच्या दिवशीच कळलं होतं मास्तर. आमच्या आईसाहेबांनी सांगितलं असणार. त्या दिवशी मी त्या चौकातून चाललो आणि एकही माणूस माझ्या पायाकडे बघत नव्हता. मला वाटलं होतं, तो दिवस तिथेच संपला." मग त्यांनी वरातीकडे बघितलं. "इथे तर रोज चालू आहे."

फाटक उघडलं. मागून मोटारी भोंगे वाजवायला लागल्या, पिंजऱ्यांतल्या कोंबड्याही. जाता जाता युवराज म्हणाले, "माझं लग्न आहे. उशिरा का होईना. वाजवाल का?"

नवरी मुलगी म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, सुमतीताई. अंबरनाथच्या साध्या नोकरदार घरातल्या. युवराज आपल्या गड्याला घेऊन दवाखान्यात गेले होते, गड्याच्या हाताला जखम होती. बाईंनी जखम बांधली आणि युवराजांना म्हणाल्या, "तुमचा डावा पाय आखूड आहे. कोणी सांगितलं नाही?"

"नाही," युवराज म्हणाले. "मी राजघराण्यातला आहे."

हे मला बाईंनीच पुढे सांगितलं. त्या हसल्या म्हणे, आणि तेही हसले, आणि तिथून पुढचं सगळं ठरलं.

मास्तरांनी महिनाभर जेवण नीट घेतलं नाही. मुंबईला जाऊन जुने व्हायोलिनवाले शोधून काढले. सिनेमात वाजवून त्यांच्या बोटांना लवकर धावायची सवय झालेली. मास्तरांनी ती पुन्हा चालायला लावली. बदलापूरला नदीकाठच्या देवळापासून युवराजांच्या बंगल्याच्या मांडवापर्यंत पायघड्या घालायच्या ठरल्या. पुण्याहून आईसाहेब आल्या होत्या. पडदा आता नव्हता. मांडवाच्या तोंडाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाहुणे मात्र बहुतेक कॅम्पचे, बाईंचे पेशंट. पुढच्या रांगेत टेकचंद सेठ, कारण त्यांची सगळी नातवंडं बाईंच्या हातची.

मास्तरांनी हात उचलला. इतक्या वर्षांनी व्हायोलिनं वर चढली, माझ्या कॉर्नेटला खूप दिवसांनी फक्त स्वतःचं काम उरलं. आणि युवराज देवळाच्या पायरीवरून उतरले ते सरळ चालत.

अगदी सरळ. तुमच्या-माझ्यासारखे. सुमतीताईंनी कॅम्पमधल्या एका सिंधी मोच्याकडून जाड तळव्याचा बूट करून घेतला होता. तो बूट त्याच सकाळी तयार होऊन आला होता आणि हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ती चांगलीच बातमी होती, बँडला कळवायची गरज कोणाला वाटणार? ढोल उजव्या पायाला पडला, डाव्याला थांबला, पण युवराजांचा डावा पाय कधीच पुढे पडून गेला होता. तिसऱ्या पावलाला ते संगीताच्या पुढे गेले, चौथ्याला अडखळले.

मास्तर उलटे चालत होते आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसत होता. ज्या पायासाठी चाल लिहिली तो पायच बदलला होता. ते ढोलवाल्याकडे वळून पुटपुटले, "दोन्ही पायांवर घे. साधा कर." म्हणजे ती जागा भरून टाक. मी एकदा तेच सुचवलं होतं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं होतं ते मी वर लिहिलंच आहे.

ढोलवाला काही करायच्या आत टेकचंद सेठ पुढे आले. नवरदेवाची अडचण त्यांनी ओळखली होती. त्यांच्या थोरल्याची तीच झाली होती. त्यांनी युवराजांचा दंड धरला आणि वडीलकीच्या सुरात म्हणाले, "ऐसे नहीं, बेटा। जल्दी मत करो। एक पैर रखो, रुको, झुको, फिर दूसरा। राजा लोग ऐसे चलते हैं।"

युवराज त्यांच्याकडे बघत राहिले. "आपको किसने सिखाया?"

"हमारे कैंप का पुराना रिवाज है," सेठ म्हणाले.

मागची मंडळी कधीच चालू लागली होती. सगळा कॅम्प, बायका-माणसं, जिलबीच्या वासानं भुकेलेली, तरीही शिस्तीत झुकत, थांबत. युवराजांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग जाड तळव्याच्या त्या नव्या बुटात त्यांनी डावा पाय जरा थांबून, झुकून टाकला. ते मुद्दाम लंगडले. सुरुवातीला बरोबर जमेना. सेठ बाजूनं 'हां, ऐसे' म्हणत होते. बाजूला सुमतीताई, त्यांचा हात तोंडावर. मांडवापर्यंत पोहोचेपर्यंत युवराजांना आपली चाल पुरती आली. मास्तरांनी ढोलवाल्याला दिलेला हुकूम मागे घेतला. तो मार्च पुरा, शेवटच्या सुरापर्यंत, ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या लग्नात वाजला.

आईसाहेब खुर्चीतून हे सगळं बघत होत्या. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, शिक्षेची वाट बघत.

"मास्तर, इतकी माणसं?"

"होय आईसाहेब. कॅम्पमध्ये घरोघरी आहे."

आईसाहेबांनी पुन्हा एकदा पाहुण्यांवरून नजर फिरवली. "आपल्या सरदारांना इतकं नीट कधी जमलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांना बसायला खुर्ची आणायला सांगितली.

जेवणाच्या पंक्तीत युवराज आम्हा बँडवाल्यांच्या शेजारी येऊन बसले. नव्या बुटानं टाच सोलली होती. त्यांनी तो काढून बाजूला ठेवला आणि पाय पसरले. समोर टेकचंद सेठ होते. त्यांची नजर आधी बुटाच्या जाड तळव्यावर गेली, मग दोन्ही पायांवर. एक लांब, एक आखूड. मग ती मास्तरांकडे आली. मास्तर पानातलं मीठ बघत होते.

"साईं," सेठ सावकाश म्हणाले, "मतलब मेरे तीनों बेटे..."

"हो," युवराज म्हणाले. "तीनों मेरी तरह चले।"

मला वाटलं, आता कॅम्पमधला आमचा धंदा बसला. सेठनी हातातली पुरी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला. मग ते मास्तरांना म्हणाले, "माघ में चौथे की शादी है। वही बजाना। सीधा चल के गया तो उसकी माँ मानेगी ही नहीं कि शादी हुई।"

मास्तरांनी युवराजांकडे पाहिलं. परवानगी मागायची सवय जात नाही.

"घ्या सुपारी, मास्तर," युवराज म्हणाले. "मुलाला शिकवायला मी येतो."

माघात ते खरोखर आले. मोटार त्यांनी बाहेरच्या रस्त्याला सोडली, आणि टेकचंद सेठच्या दारापर्यंत कॅम्पच्या भर वस्तीतून चालत आले, साध्या चपला घालून.